घरगुती रेडिएशन मीटर: बोईसरहून साडेतीन तारे

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. वस्तू वाईट नाही. पण आमच्या भागात लोक ती ज्या भीतीपोटी मागवतात, त्या भीतीवर तिच्याकडे औषध नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बोईसरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. कामावर छातीला टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो वाचायला जातो आणि कुणाला किती डोस बसला त्याचा कागद येतो. त्यामुळे रेडिएशन हा शब्द ऐकून मला घाम फुटत नाही, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. माहेर समुद्रकाठचं, दांडी-उच्छेळीच्या पट्ट्यातलं. दादाची बोट आहे. तारापूरचं अणुशक्ती केंद्र, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘प्लांट’, हे आम्हा मुलांच्या नकाशावरचं कायमचं ठिकाण. १९६९ पासून तो चालू आहे, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. धुंदलवाडीच्या लोकांनी थंडीत घराबाहेर झोपून रात्री काढल्या. त्या दिवसांत वहिनीने मला विचारलं, “ताई, प्लांटवर काही झालं तर आपल्याला कळणार कसं?” वास येत नाही, दिसत नाही, हे तिला माहीत होतं. त्या प्रश्नातून पुढे हा मीटर घरात आला.

पिवळ्या रंगाचा, जुन्या जाड मोबाइलएवढा. किंमत आठ हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच पेटी चार वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. आत बोटाएवढी काचेची नळी आहे. तिच्यात वायू भरलेला, आणि तिला सुमारे चारशे व्होल्टचा दाब दिलेला. गॅमा किरणाने नळीत एखादा इलेक्ट्रॉन मोकळा केला की वायूतून क्षणभर करंट वाहतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. बास, एवढंच. मीटर मिनिटाला किती टक् झाले ते मोजतो, कारखान्यात ठरवून दिलेल्या एका आकड्याने भागतो आणि पडद्यावर ‘मायक्रोसिव्हर्ट प्रति तास’ दाखवतो. सिव्हर्ट हे डोसचं माप. तो भागाकार सिझियम-१३७ या एकाच किरणोत्सारी पदार्थाच्या किरणांवर बेतलेला असतो. किरण दुसऱ्या कशाचे असतील तर आकडा कमी-जास्त दाखवतो, पण त्याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. पुस्तिका म्हणजे एक घडीचा कागद, इंग्रजीचे तीनतेरा. कॅलिब्रेशनचा दाखला सोबत येत नाही. आमच्या खात्यात दाखल्याशिवाय यंत्र दारातून आत येऊ देत नाहीत, त्यामुळे मला हे फार खटकलं.

पहिल्यांदा चालू केला की सगळ्यांना धक्का बसतो, कारण तो घरातसुद्धा वाजतो. लाह्या फुटायला लागाव्यात तसा, अनियमित. शांत बसेल अशी जागा पृथ्वीवर नाही. जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून आणि आपल्या स्वतःच्या अंगातून किरण येतच असतात. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात पोटॅशियम-४० चेच सेकंदाला चार हजारांवर कण फुटतात. जगाची नैसर्गिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात (एक मिलि म्हणजे हजार मायक्रो). त्यातला मोठा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा, जो हा मीटर नीट पकडत नाही.

आमच्या बोईसरच्या घरात आकडा ०.०८ ते ०.१२ मध्ये खेळतो. इथे घाईच्या लोकांसाठी एक सूचना. एका मिनिटाचा आकडा बघून कुणालाही फोन करू नका. मिनिटाला वीस टक् होत असतील तर पुढच्या मिनिटाला पंधरा आणि त्याच्या पुढच्याला सव्वीस होणं अगदी साधं आहे. कमीत कमी दहा मिनिटं ठेवा आणि सरासरी बघा. मीटरमध्ये तशी सोय आहे, पण मेनूच्या चौथ्या पायरीवर लपवलेली.

आता चाचण्या. यात मला खरी मजा आली.

हैदराबादला नणंदेकडे गेले तेव्हा सोबत नेला. तिच्या बैठकीत आकडा आमच्या घराच्या जवळजवळ दुप्पट. नंदावे घाबरले. पण हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलंय, आणि आपला महाराष्ट्र बराचसा काळ्या बेसॉल्टवर. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम जास्त आणि बेसॉल्टमध्ये कमी. म्हणजे अणुभट्टीच्या कुशीत राहणाऱ्या आमच्यापेक्षा, जवळपास एकही अणुवीज केंद्र नसलेल्या हैदराबादच्या बैठकीत मीटर जास्त वाजतो. हे सांगितल्यावर नंदावे हसले, पण रात्री उशाखाली ग्रॅनाइटची फरशी किती आहे ते विचारून घेतलंच.

माहेरी माळ्यावर जुनी पेट्रोमॅक्स होती. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घ्यायचे, तसली. तिच्या पाकिटातली न वापरलेली जाळी नळीसमोर धरली आणि मीटरने भोंगाच लावला. आकडा दहापट. त्या जाळ्यांना थोरियमचं द्रावण लावलेलं असायचं, कारण थोरियमचा ऑक्साइड तापला की पांढराशुभ्र उजेड देतो. दोन पिढ्यांनी ती बोटाने चाचपून बसवली. आई म्हणाली, “मग फेकून देऊ का?” पाकिटात बंद करून ठेव म्हटलं. तोंडात घालायची वस्तू नाही ती, एवढं पाळलं तरी पुरे.

नात्यातल्या एका काकूंचा मुंबईला हाडांचा स्कॅन झाला. त्यात टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ टोचतात. त्याचं अर्धं आयुष्य सहा तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी निम्मं उरतं. संध्याकाळी त्या घरी आल्या तर मी दारात असतानाच मीटर ओरडायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसले तर नेहमीच्या आकड्याहून थोडाच वर. माझ्या मते या मीटरचा सर्वांत उत्तम उपयोग हा. अर्धं आयुष्य म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं.

आणि पाऊस. ज्यांच्याकडे हा मीटर आहे त्यांनी हे आधीच वाचून ठेवा. मे महिन्यातला वळीव येतो तेव्हा अंगणात आकडा चांगलाच चढतो, कधी दीडपट. कारण जमिनीतून सुटलेल्या रेडॉनची पिल्लं, म्हणजे तो फुटून झालेले पदार्थ, हवेतल्या धुळीला चिकटलेली असतात आणि पाऊस ती खाली धुऊन आणतो. ती दर वीस-पंचवीस मिनिटांत निम्मी होत जातात, म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं जागेवर. जुलैतल्या धो-धो पावसात मात्र एवढी वाढ दिसत नाही, कारण तेव्हाची हवा समुद्रावरून येते आणि समुद्रावर रेडॉन नगण्य. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती वळवाच्या संध्याकाळी मीटर असेल, आणि समोर प्लांट असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर काय होईल ते सांगायला नको.

हॉस्पिटलात तो साफ नापास झाला. एक्स-रेचा मारा सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता असतो. तेवढ्यात नळीला एकदा-दोनदा टक् करायला जेमतेम वेळ मिळतो. पडद्यावर काहीच फरक नाही. म्हणून कुणी हा मीटर घेऊन डेंटिस्टकडे किंवा आमच्याकडे येऊन ‘तुमचं मशीन सुरक्षित आहे’ किंवा ‘नाही’ म्हणणार असेल तर कृपया नको. त्यासाठी वेगळी यंत्रं असतात आणि ती लाखांत मिळतात.

तर यंत्र म्हणून ठीक. आता मुद्द्याचं, वहिनीच्या प्रश्नाचं.

प्लांट नीट चालू असतानाही थोडं रेडिएशन बाहेर सोडतो, चिमणीतून आणि पाण्यातून. अणुऊर्जा नियामक मंडळाने सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, नैसर्गिक सोडून वरची. माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. प्लांटच्या कुंपणाजवळच्या माणसाला मिळणारा डोस मंडळाच्या वार्षिक अहवालांत त्या एकाच्याही फार खाली दाखवलेला असतो. समजा तो ०.०१ असला. तर ताशी फरक पडला ०.००१ मायक्रोसिव्हर्टचा. माझ्या मीटरला दशांशचिन्हापुढे दोनच आकडे आहेत. म्हणजे अहवाल खरा आहे की खोटा, हे मी गच्चीवर मीटर ठेवून आयुष्यभर बसले तरी सांगू शकत नाही. मीटर ‘सगळं ठीक’ दाखवतो याचा अर्थ एवढाच, की आत्ता, इथे, काही मोठं घडलेलं नाही.

शिवाय ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेले ५४० मेगावॉटचे तीन आणि चार नंबरचे संच जड पाण्यावर, म्हणजे जड हायड्रोजनच्या पाण्यावर, चालतात, आणि जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम तयार होतोच. त्याचा किरण इतका दुबळा, की नळीची काचच ओलांडत नाही. समोर ट्रिटियमचं पाणी बादलीभर ठेवलं तरी मीटर गप्प. ते मोजायला पाणी प्रयोगशाळेत न्यावं लागतं. प्लांटजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. तिथे मासे, पाणी, दूध, भाजी सगळ्यांचे नमुने तपासतात. वहिनीने बोंबलावर मीटर धरून बघितला होता. मुळात माशात काही असलंच तरी ते किलोमागे बेकरेलमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कण फुटतात त्यात, मोजायचं असतं. जपानने अन्नासाठी सिझियमची मर्यादा किलोला १०० बेकरेल ठेवली. त्याच्या दुप्पट सिझियमचा मासाही या मीटरसमोर साधा बोंबील म्हणून पास होईल.

दादाची तक्रार तर रेडिएशनची नाहीच. तो म्हणतो, गरम पाण्याचं काय? आणि त्याचं बरोबर आहे. अणुवीज केंद्रात तयार झालेल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते. बाकीची समुद्रात जाते. समुद्राकाठी प्लांट बांधतात तोच मुळी या पाण्यासाठी. सोडलेलं पाणी घेतलेल्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नसावं असा नियम आहे. दादाच्या मते मासळी तिथून सरकली. कुंपणाच्या बाजूच्या समुद्रात बोट न्यायला बंदी आहे ती वेगळीच. त्यात एमआयडीसीचं सांडपाणी. या तीन गोष्टींतली एकही माझ्या आठ हजारांच्या पेटीत येत नाही. जानेवारी २०२० मध्ये तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. त्या रात्रीही मीटरने ०.१० च दाखवलं असतं. आमच्या पट्ट्यात कशाने माणसं मरतात याचा हिशोब मांडला तर अणुभट्टीचं नाव फार खाली येईल, पण चर्चा तिचीच जास्त. असो.

आता मोठा अपघात. त्यासाठीच तर लोक मीटर घेतात.

भट्टी बंद केली म्हणजे गॅस बंद केला असं होत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात तयार झालेले पदार्थ फुटतच राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के शिल्लक असते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला थोडी वाटते. पण मोठ्या भट्टीत तेवढ्यावर इंधन वितळतं. म्हणून बंद भट्टीतही पाणी फिरतं ठेवावं लागतं. पाण्याला पंप, पंपाला वीज, आणि वीज गेली तर डिझेल जनरेटर. जपानच्या फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, जनरेटर सुरूही झाले. सुमारे पन्नास मिनिटांनी चौदा-पंधरा मीटरची लाट आली आणि तळघरातले जनरेटर बुडाले. पुढचं सगळं त्यातून झालं. तिथल्या सहा नंबरचा एक हवेवर थंड होणारा जनरेटर वरच्या जागी होता, तो वाचला. त्या एकावर पाच आणि सहा नंबरच्या भट्ट्या तगल्या. केंद्राच्या दक्षिणेला असलेल्या दाइनी केंद्रात बाहेरून येणारी एक वीजवाहिनी शाबूत राहिली. कामगारांनी सुमारे नऊ किलोमीटर केबल हातांनी ओढून पंपांपर्यंत नेली आणि केंद्र वाचवलं. आणि ओनागावा केंद्र तर भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ होतं. ते बांधताना जमीन जवळजवळ पंधरा मीटर उंचीवर धरली होती. लाट आली, पण भट्ट्या सुखरूप थांबल्या, आणि घरं वाहून गेलेले गावकरी आसऱ्याला प्लांटच्याच आवारात येऊन राहिले. एकच भूकंप, एकच किनारा. फरक पडला तो जमिनीची उंची, जनरेटरची जागा आणि वीजवाहिनी यांनी.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे आणि त्याची आठवण फार कुणी काढत नाही. २६ डिसेंबर २००४ ला तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात त्सुनामीचं पाणी पंपहाउसमध्ये शिरलं. दोन नंबरची भट्टी चालू होती. ती लगेच थांबवली आणि व्यवस्थित थंड ठेवली. कॉलनीतली माणसं मात्र लाटेत गेली.

तारापूरचे एक आणि दोन नंबरचे संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. उकळत्या पाण्याच्या जातीचे, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीचे थोरले भाऊबंद म्हणा. आधी २१० मेगावॉटचे होते, पुढे १६० वर आणले. नियामक मंडळाच्या तपासणीनंतर २००५-०६ च्या सुमारास त्यांचे जनरेटर बदलले, दोन्ही संचांत सामाईक असलेल्या यंत्रणांची फारकत केली. फुकुशिमानंतर बाहेरून पंप लावून पाणी सोडायच्या जोडण्याही आल्या. २०२० मध्ये दोन्ही संच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाले. पन्नाशी उलटलेल्या यंत्राला आणखी चालवायचं की निरोप द्यायचा, यावर माझं मत विचाराल तर मी निरोपाच्या बाजूची. हॉस्पिटलातलं वीस वर्षं जुनं मशीन कितीही दुरुस्त केलं तरी नवीन होत नाही, हे मी रोज बघते. पण हे माझं मत झालं, मीटरचं नाही.

अरबी समुद्रात मोठी लाट येऊ शकते का? २८ नोव्हेंबर १९४५ ला पाकिस्तान-इराणकडच्या मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या, माणसंही दगावली. मात्र मकरान लांब आहे. लाट इथे यायला काही तास लागतात, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे. जपानला मिनिटं मिळाली, आपल्याला तास मिळतील. त्या तासांत तारापूरच्या आत काय करायचं ते आतल्या लोकांना पाठ असेल असं मी धरून चालते. मला चिंता आहे ती बाहेरच्या तासांची.

कारण मी हॉस्पिटलात काम करते. जपानमधल्या ओकुमा गावात, फुकुशिमाच्या प्लांटपासून साडेचार किलोमीटरवर फुताबा हॉस्पिटल होतं. बरेचसे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले पेशंट. त्यांना बसमध्ये घालून कित्येक तास फिरवलं. सोबत पुरेशी नर्स नाही, सलाईन नाही. चाळीसहून अधिक पेशंट त्या हलवाहलवीत आणि त्यानंतर गेले. रेडिएशनने नाही. हे वाचल्यापासून आमच्या वॉर्डातून जाताना माझ्या डोक्यात हिशोब चालू होतो: कुणाला बसवून नेता येईल, कुणाला स्ट्रेचरच लागेल, रुग्णवाहिका किती.

आमच्या प्लांटभोवती १६ किलोमीटरचा आणीबाणी नियोजनाचा पट्टा आहे. बोईसर स्टेशन, एमआयडीसी, कॉलन्या, चिंचणी, माझं माहेर, सगळं त्यात. बाहेर पडायचं म्हणजे महामार्गाकडे बोईसर-चिल्हार रस्ता, नाहीतर रेल्वे. कंपन्यांची पाळी सुटल्यावर संध्याकाळी तो रस्ता बघा, पावसाळ्यात बघा. वाराही पावसाळ्यात समुद्रावरून आत येतो, म्हणजे प्लांटकडून आमच्याकडे. प्लांटबाहेरच्या आणीबाणीत सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि दर दोन वर्षांनी त्याचा सराव व्हायचा असतो. सराव होतात, फोटोही येतात. पण वहिनीला भोंगा कुठला, बस कुठे उभी राहणार, घरात बसायचं की निघायचं, यातलं काही माहीत नाही. आयोडीनच्या गोळ्या म्हणजे सगळ्या रेडिएशनवरचा उतारा अशी तिची समजूत होती. त्या फक्त थायरॉइडला वाचवतात, तेही किरणोत्सारी आयोडीन अंगात जायच्या थोडं आधी किंवा लगेच घेतल्या तर. मी तिला हे सांगितलं. पाड्यावरच्या बाकी बायकांना कोण सांगणार?

या सगळ्यात मीटर कुठे बसतो? एका ठिकाणी बसतो, आणि तो तारा त्याला मी देते. २०११ मध्ये जपानच्या नामिए गावचे लोक फुकुशिमाच्या प्लांटपासून लांब म्हणून वायव्येला त्सुशिमाकडे गेले. वारा नेमका तिकडेच वळला आणि किरणोत्सारी धुळीचा भरपूर साका तिथेच पडला. सरकारकडे वाऱ्याचा अंदाज देणारी संगणकाची यंत्रणा होती, पण तिचे आकडे त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. ते ज्या शाळेत उतरले, तिच्या मैदानात कुणाच्या खिशात असा मीटर असता तर त्यांनी रात्र तिथे काढली नसती. पुढे जपानी नागरिकांनी स्वतःचे मीटर गाड्यांना बांधून रस्तोरस्तीचे आकडे गोळा केले, त्यातून सेफकास्ट नावाचं जाळं उभं राहिलं. आपल्याकडे बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, आयर्मॉन नावाचं मोजमापाचं जाळं आहे. माझं म्हणणं, त्याचा पालघरचा आकडा ग्रामपंचायतीच्या बाहेर एका फळ्यावर रोज झळकावा. मग माझ्यासारखीला पेटी विकत घ्यायची गरज उरत नाही.

एक धोक्याची गोष्ट. फार मोठ्या माऱ्यात या स्वस्त नळ्या गुदमरतात. एक टक् संपायच्या आत दुसरा येतो आणि यंत्र चक्क कमी आकडा दाखवायला लागतं, कधी शून्यही. जिथे खरंच पळायला हवं तिथे तो ‘सगळं शांत’ म्हणू शकतो. महाग यंत्रांत यावर सोय असते, यात नाही. विक्रेत्याच्या जाहिरातीत तर ‘अणुयुद्धातही उपयोगी’ असं छापलंय.

बाकी किरकोळ. दमट खाऱ्या हवेत चार्जिंगची खाच गंजते. पावसाळ्यात उच्च दाबाचा करंट आतल्या आत झिरपून खोटे टक् येतात, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा. उन्हात पडदा दिसत नाही, किनाऱ्यावर तर अजिबात नाही. बॅटरी छान चालते. भोंगा कारखान्यातून ०.५० वर लावून येतो. तो तसाच ठेवा, खाली आणलात तर वळवाच्या पावसात शेजारी गोळा होतील. आणि प्लांटच्या गेटाकडे घेऊन जायचं शौर्य करू नका. सीआयएसएफचे जवान विचारतील ते प्रश्न तुमच्या पेटीच्या पुस्तिकेत नाहीत.

एक तारा कापला दाखला नाही म्हणून, अर्धा त्या जाहिरातीसाठी. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगाला घेत असाल तर डोळे मिटून घ्या, आमच्या मुलीच्या वर्गात पेट्रोमॅक्सच्या जाळीने धमाल केली. प्लांटच्या भीतीने घेत असाल तर आळीत मिळून एक पुरे. उरलेल्या पैशांचं मी सुचवेन: माहितीच्या अधिकाराचा अर्ज, फी दहा रुपये. आपल्या गावासाठी जमायची जागा कुठली, वाहनं किती, गोळ्यांचा साठा कुणाकडे, शेवटचा सराव कधी झाला, एवढंच विचारा. आमचा अर्ज वहिनीच्या नावाने गेला आहे.